संगणक कुठे अडला?

लिनक्सचा संगणक सुरू होत नाही?
लगेच सगळं पुसून नव्याने टाकू नका.
आधी बघा, कुठे अडलं.

पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीच?
कंपनीचं चिन्हही नाही?
मग दोष लिनक्सचा नाही,
ते अजून सुरूच झालेलं नाही.
वीज बंद करा. वायर काढा. कॅबिनेट उघडा.
कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा,
म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.
आता रॅमची पट्टी काढा.
सोनेरी कडा कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा.
‘टक्’ आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबून बसवा.
पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

चिन्ह दिसलं, आणि त्यानंतर अडलं?
मग लगेच रॅमच्या मागे लागू नका.
संगणक सुरू होतानाचा ग्रब नावाचा मेनू उघडा.
त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा.
उबुंटू, डेबियन नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घेताना आधीचाही ठेवतात.
तो निवडून पाहा.
अपडेटनंतर बिघडलं असेल, तर हा उपाय पहिला.
ही सोय मला फार मोलाची वाटते.

पुन्हा सांगते, आधी बघा, कुठे अडलं.

जुन्या कर्नलनेही जमलं नाही,
तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा.
आणि डिस्क दिसत असेल,
तर घरचे फोटो, कागदपत्रं
आधी दुसरीकडे उतरवून घ्या.