एकसष्टी आणि स्नेह्यांची मैफल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



साठ वर्षे पुरी झाली की एकसष्टी, पंच्याहत्तरीला अमृतमहोत्सव आणि पुढे भाग्य असल्यास सहस्रचंद्रदर्शन, असे सोहळे करण्याची प्रथा आपल्याकडे आहे. या आकड्यांना अर्थ आहे. प्रभवापासून क्षयापर्यंतची साठ संवत्सरे उलटली की जन्माचा संवत्सर पुन्हा येतो. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस धरल्यास हजार पौर्णिमांना जवळजवळ ८१ वर्षे लागतात. शांती, होम, औक्षण, दानधर्म हे आपण यथासांग करतो. त्यानंतरची संध्याकाळ कशी घालवावी, याविषयी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

अलीकडे या संध्याकाळी कार्यालयात ध्वनिमुद्रित गाणी इतक्या मोठ्याने लावतात की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. पाहुणे जेवतात, अहेर देतात आणि निघून जातात. ज्यांचा सत्कार, ते उत्सवमूर्ती खुर्चीवर एकटेच! माझे म्हणणे असे की, त्या संध्याकाळी उत्सवमूर्तींच्या स्नेह्यांनी आपल्या हातांनी वाजवावे आणि आपल्या गळ्याने गावे.

याला थोर उदाहरण आहे. जानेवारी १९४६ मध्ये सवाई गंधर्वांच्या साठीनिमित्त पुण्यात झालेल्या समारंभात त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गायले. तेव्हा त्यांना चोविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. त्या गायनाने ते रसिकांच्या नजरेत भरले. शिष्याने गुरूला सुरांचा अहेर केला आणि तो सर्व महाराष्ट्राच्या पदरी पडला.

कोणी म्हणेल, ते थोर कलावंत होते. आमच्या हौशी मंडळींचे कोण ऐकणार? शंका रास्त आहे. उत्तम गाणे ऐकावयाचे असेल तर व्यवसायी कलावंतास सन्मानाने बोलवावे आणि योग्य बिदागी द्यावी. ओळखीच्या आधारावर त्याला फुकट राबवू नये. परंतु स्नेह्यांच्या मैफलीचा हेतू निराळा आहे. तिची खरी कमाई आधीच्या तालमींत असते.

आपल्याच एका ज्ञातिबंधूंच्या एकसष्टीस हे मी पाहिले. त्यांच्या तरुणपणच्या भजनी मंडळातील एका स्नेह्यांना पक्षाघात झालेला होता. दोन वर्षे ते घराबाहेर पडले नव्हते. तबला जवळ आणला तरी तोंड फिरवीत. मित्रांनी त्यांना काही उपदेश केला नाही. महिनाभर दर रविवारी पेटी घेऊन त्यांच्याच घरी तालीम ठेवली. तिसऱ्या रविवारी त्यांनी आपण होऊन डग्गा पुढे ओढला. समारंभाच्या दिवशी तबल्यावर त्यांचा मुलगा होता आणि डग्ग्यावर ते. लय संथ ठेवली होती. केरव्याच्या आठ मात्रा त्यांनी शेवटपर्यंत सांभाळल्या. अशा मैफलीत दाद कोणत्या तराजूने तोलावी, हे आपणच ठरवावे.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. पुरुष बहुधा काळी एकमध्ये गातात, स्त्रिया काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये. एकत्र गावयाचे असेल तर स्वर आधी ठरवावा. काळी एकचा मध्यम काळी तीन आणि पंचम काळी चार, हे ध्यानात ठेवल्यास वाट सापडते. गाणी पाच-सहाच घ्यावीत. कार्यक्रम दीड तासात संपवावा. ध्वनिवर्धक शक्यतो नसावाच.

आपल्या पुष्कळ घरांत माळ्यावर जुनी पेटी पडून आहे. १९४० साली रेडिओने पेटीला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. तेवढ्या काळातही आपल्या घरांतून पेटी कोणी हद्दपार करू शकले नाही. जे बंदीने साधले नाही, ते आपल्या आळसाने साधू नये. न वाजविलेल्या पेटीचा भाता फाटतो, स्वर अडकतात. माणसाचेही तसेच आहे.

म्हणून मंडळाला माझी नम्र सूचना आहे. कोणाच्या घरी कोणते वाद्य आहे आणि कोणाला काय वाजविता येते, याची एक यादी करावी. एकाकी पडलेल्या वडीलधाऱ्यांची नावे तीत अगोदर लिहावीत. पुढील एकसष्टीची तालीम त्यांच्या घरापासून सुरू व्हावी आणि साथीला त्यांचीच नातवंडे बसावीत. यास खर्च जवळजवळ नाही; वेळ मात्र द्यावा लागेल.