मानोऱ्याहून पुण्यात: लेकरांसह भाड्याचं घर

मानोरा-पोहरादेवीकडून नोकरीसाठी पुण्याला निघालेलं जोडपं आधी भाडं आणि डिपॉझिट विचारतं. सोबत लहान लेकरं असली की प्रश्न वाढतात. बाल्कनीच्या गजांमधून मुलाचं डोकं जाईल का? लिफ्ट बंद पडली, तर कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन चौथा मजला चढायचा कोणी? पाणी किती वाजता येतं?

शाळेचं अंतरही बघावं. शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत असायला हवी, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत.

मग येतो करार. बहुतेक करार ११ महिन्यांचे असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. लेखी करारच नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरबसल्याही होते.

ताबा घेतानाच भिंतींचे, नळांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. लेकरांनी खडूनं रंगवलेल्या भिंतीवरून डिपॉझिटचा वाद हमखास निघतो.