दया करण्याचा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण समितीने सांगितले की मनात असेल ते बोला, आणि माझ्या मनात २०२२ सालापासून एक गोष्ट घर करून बसली आहे. ती तुमच्यापुढे ठेवते. चुकले तर सांभाळून घ्या.

त्या साली जानेवारीत आम्ही चौघीजणी बोंबील वाळत घालीत होतो, तेव्हा बातमी कानावर आली. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या कोल्हापूरच्या खटल्यातील दोघी बहिणींची फाशी मुंबईच्या उच्च न्यायालयाने रद्द केली, जन्मठेप दिली. माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला. १९९६ साली त्या पकडल्या गेल्या तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची होते. आईबरोबर मिळून त्या दोघी लहान लहान मुले पळवीत, चोऱ्यांसाठी त्यांचा उपयोग करीत, आणि मूल अडचणीचे झाले की त्याला मारून टाकीत. त्या दिवसांत सफाळ्याच्या बाजारात आया मुलांची मनगटे धरून चालत. त्यांची आई खटला चालण्याआधीच तुरुंगात वारली. बहिणींना कोल्हापूरच्या कोर्टाने २००१ साली फाशी सांगितली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच मुलांच्या खुनांबद्दल ती कायम केली.

मी तावातावाने म्हटले, "राष्ट्रपतींनी दया नाकारली होती ना? मग मध्ये पडणारे कोर्ट कोण? राष्ट्रपतींच्या वर कोणी आहे काय?"

उत्तर कोणालाच येईना. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा वकिलीचे शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याला ओसरीवर बसवून घेतले आणि म्हटले, आता समजेपर्यंत उठायचे नाही.

तो म्हणाला, "काकू, आपल्या घटनेत ७२ वे कलम आहे, त्याने राष्ट्रपतींना शिक्षा माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार दिला. १६१ व्या कलमाने तसा राज्यपालांना दिला. पण तो त्यांचा घरचा अधिकार नव्हे. मंत्रिमंडळ जो सल्ला देईल त्याप्रमाणे त्यांनी वागावयाचे. राष्ट्रपतींना पटले नाही तर एकदा कागद परत पाठवता येतो, पुन्हा तोच सल्ला आला की सही करावी लागते."

मी तर समजत होते की आपल्या जुन्या गोष्टींतल्या राजासारखे आहे. राणी रुसली, राजाने कैदी सोडला!

मग त्याने मुंबईचा नानावटींचा खटला सांगितला. तुमच्यापैकी पुष्कळजणींना तो सिनेमामुळे ठाऊक असेल, पण त्यातला राज्यपालांचा भाग सिनेमात कोण दाखवितो? नानावटी नौदलातले अधिकारी. १९५९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पत्नीचे ज्याच्याशी संबंध होते त्या आहुजाला गोळी घातली. ज्यूरीतल्या नवांपैकी आठांनी त्यांना निर्दोष म्हटले. न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली. आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांचा हुकूम निघाला, की सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा तहकूब, नानावटींनी नौदलाच्याच ताब्यात राहावे. साध्या तुरुंगात जावयास नको.

लोकांची मने त्यांच्या बाजूला होती. वर्तमानपत्रेही होती. माझी असती तर मीही म्हटले असते, बरे झाले. पण सर्वोच्च न्यायालयाचा नियम असा की ज्याला शिक्षा झाली त्याने आधी तिच्या स्वाधीन व्हावे, मग अपील ऐकले जाईल. गरिबाला तो नियम, मग अधिकाऱ्याला का नाही? सप्टेंबर १९६० मध्ये पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी निकाल दिला, की राज्यपालांचा दयेचा अधिकार खरा, पण प्रकरण आमच्यापुढे चालू असेल तेवढ्या काळात तो हुकूम चालणार नाही. नानावटींना तुरुंगात जावे लागले. १९६१ साली अपीलही फेटाळले गेले. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्या आधी आहुजाच्या बहिणीने आपली हरकत नसल्याचे लेखी दिले होते. ही बहीण माझ्या फार लक्षात राहिली. माफ करताना जिचे माणूस गेले तिलाही कोणीतरी विचारले.

आंध्रातले एक प्रकरण त्याने थोडक्यात सांगितले. तेथे एका कैद्याची शिक्षा राज्यपालांनी कमी केली, आणि कागदांत त्याच्या बाजूने लिहिले होते की तो अमुक पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. जात, धर्म, पक्ष पाहून दया करता येत नाही.

"हे सगळे दया केल्याचे झाले," मी म्हटले. "त्या बहिणींना तर दया नाकारली होती. तेथे कोर्टाला काय सापडले?"

त्याने सांगितले ते ऐकून मी गप्प झाले. दयेच्या अर्जाला घटनेने मुदत घातलेली नाही. पण २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की विनाकारण वर्षानुवर्षे अर्ज पडून राहिला आणि माणूस रोज फाशीची वाट पाहत कोठडीत बसला, तर तीही एक निराळीच शिक्षा होते, जी कोणत्याही न्यायाधीशाने दिलेली नसते. त्या दिवशी पंधराजणांची फाशी जन्मठेपेवर आली. गावित बहिणींचा अर्ज राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी २०१४ साली फेटाळला खरा, पण त्याआधी सात वर्षांहून अधिक काळ कागद कचेऱ्यांतून रेंगाळला होता, आणि त्यातला मोठा दोष सरकारी कारभाराचा होता. उच्च न्यायालयाने त्यांचा गुन्हा लहान म्हटला नाही. आम्हाला आता सोडून द्या हे त्यांचे मागणेही मान्य केले नाही. फक्त फाशी काढून घेतली.

बायांनो, खरे सांगते, माझा राग अजून गेलेला नाही. त्या पाच मुलांच्या आयांना कोणी विचारले का, हा प्रश्न मला रात्री पडतो. पण राग आता दुसरीकडेही वळला आहे. ज्या टेबलावर तो कागद पडून राहिला, त्या टेबलामागच्या माणसाचे काय झाले? फाशी द्यावयाची होती तर वेळेवर सांगावयाचे होते, नव्हती द्यावयाची तर तसे.

आता एक घरचीच गोष्ट, अध्यक्षीणबाई, रागावू नका. आपल्या मंडळात बचतीचा हप्ता चुकला की दहा रुपये दंड. गेल्या वर्षी एकीचा दंड परस्पर माफ झाला, दुसरीचा झाला नाही. त्यावरून गावात काय काय बोलणे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ती दुसरी मीच. मी अर्ज दिला त्याला आता अकरा महिने झाले, हो नाही काहीच कळलेले नाही. दहा रुपये मी आज बरोबर आणले आहेत. समितीने एकत्र बसून सांगावे, भरावयाचे असतील तर लगेच भरते.