बेटावरची सुशी

जपान हा बेटांचा देश आणि सुशी हे त्याचे जगभर गाजलेले अन्न. तेव्हा चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या एखाद्या लहानशा जपानी बेटावर उत्तम सुशी पावलोपावली मिळत असेल, अशी कोणाचीही समजूत व्हावी. टोकियोहून अशा बेटावर बदली झालेला एखादा शिक्षक किंवा टपाल कारकून हीच समजूत उराशी धरून बोटीत बसला, तर पहिल्या पंधरवड्यातच त्याचा हिरमोड होण्याचा संभव फार. समोर धक्क्याला मासेमारीच्या होड्या लागलेल्या असतात. परंतु राजधानीच्या गल्लीबोळांत मिळते तशी सुशी गावात मिळत नाही.

याचे पहिले कारण असे की, सुशी म्हणजे मासा नव्हे. या शब्दाचा मूळ अर्थच ‘आंबट’ असा आहे. प्राचीन पद्धतीत मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवीत. भात आंबे, मासा टिके, आणि खाताना भात बहुधा टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी या नावाने हा प्रकार अजूनही होतो, आणि त्याचा वास नवख्या माणसाची परीक्षाच पाहतो. पुढे आंबवण्याऐवजी भातात शिरका घालण्याची युक्ती निघाली. एडो, म्हणजे आजचे टोकियो, या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाताचा लहानसा मुटका वळून त्यावर माशाचा तुकडा ठेवण्याची तऱ्हा रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः हानाया योहेई (१७९९–१८५८) याला देतात. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले पुष्कळ कारागीर बेघर होऊन आपापल्या गावी परतले, आणि एका शहराची ही तऱ्हा देशभर पसरली. आज ज्या सुशीवरून लोक बाकीच्या साऱ्या सुशींची पारख करतात ती मुळात अशी एका शहराची आहे.

आता या सुशीला काय काय लागते ते पाहावे. तांदूळ, शिरका, शोयू हा सोयाबीनचा आंबवलेला रस, वासाबी, समुद्रशेवाळाचे पापुद्रे, आणि वर्षानुवर्षे भात वळून वळून तयार झालेला हात. बेटावर यातले बहुतेक सारे बोटीने यावे लागते. वादळाने दोन फेऱ्या चुकल्या की दुकानांच्या फळ्या रिकाम्या दिसू लागतात. आणि तो तयार हात तरी थोड्या हजार वस्तीच्या गावात कशाला राहील? त्याला रोजची गिऱ्हाइके हवीत.

मासा तरी बेटाचा असतो ना? तोही पुरता नसतो. चांगला मासा जेथे भाव मिळतो तेथे जातो. टोकियोच्या मासळी बाजाराने, १९३५ पासून २०१८ पर्यंत त्सुकिजी येथे आणि त्यानंतर तोयोसु येथे, दूरदूरच्या बंदरांतली उत्तम मासळी ओढून घेतली आहे. रत्नागिरीच्या धक्क्यावरचा मोठा पापलेट मुंबईची वाट कशी धरतो हे पाहिलेल्या कोकणी माणसाला याहून अधिक सांगावयास नको.

म्हणून बेटावर राहून टोकियोची सुशी शोधणारा मनुष्य बहुधा निराश होतो. तोच जर बेटाची सुशी शोधू लागला तर गोष्ट निराळी होते. टोकियोच्या दक्षिणेस सुमारे २८७ किलोमीटरांवर हाचिजोजिमा नावाचे बेट आहे. दोन ज्वालामुखींच्या मध्ये वसलेले, कुरोशिओ या उष्ण सागरप्रवाहात उभे असलेले हे बेट राज्यकारभाराच्या दृष्टीने टोकियोतच मोडते. टोकियोच्या धक्क्यावरून रात्री निघालेली बोट सकाळी तेथे पोचते. एके काळी मात्र हे हद्दपारीचे ठिकाण होते. सेकिगाहाराच्या लढाईत पराभूत झालेला सरदार उकिता हिदेइए याला १६०६ साली येथे धाडण्यात आले, आणि १६५५ साली तो येथेच वारला. त्याच्या व त्याच्या वंशजांच्या पोटासाठी त्याच्या पत्नीच्या माहेरचे माएदा घराणे तांदूळ पाठवीत असे. सरदाराच्या कुळाला जेथे सासुरवाडीच्या तांदळाकडे डोळे लावावे लागत, तेथे इतरांच्या ताटात भात किती पडत असेल ते उघड आहे. बेटाचा करही तांदळात नव्हे, तर पिवळ्या रेशमी कापडात भरला जाई.

या बेटाची स्वतःची सुशी आहे. तिला शिमाझुशी, म्हणजे शब्दशः ‘बेटाची सुशी’, असेच म्हणतात. मासा स्थानिक, हंगामाप्रमाणे तांबूस खोलसमुद्री मासा असेल किंवा उडता मासा असेल. त्याचे काप शोयूत मुरवतात, त्यामुळे ते तपकिरी, तुकतुकीत दिसतात. भात टोकियोपेक्षा किंचित गोड असतो. आणि वासाबीच्या जागी असते मोहरी! वासाबीला डोंगरातले थंड, निर्मळ, वाहते पाणी लागते. ते या उष्ण बेटावर कोठले? उलट मोहरीची पूड कोरडी ठेवली की टिकते, हवी तेव्हा पाण्यात कालवता येते. ही तडजोड वाटते तितकी मोठी नाही. मोहरी आणि वासाबी या एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि दोहोंच्या तिखटपणाचे मुख्य द्रव्यही एकच आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जी झणक नाकात जाते तीच येथे माशाखाली दबा धरून बसलेली असते. वाटेतल्या ओशिमा बेटावर हेच काम हिरव्या मिरचीकडून करून घेतात.

मासा शोयूत मुरवण्याची ही रीत बेटाने गरजेपोटी धरली खरी. परंतु ती गावंढळ नव्हे. बर्फ दुर्मिळ होता तेव्हा एडोचे कारागीरही मासा मुरवीत, शिरक्यात बुडवीत किंवा शिजवीत. ताज्या कच्च्या माशाची सुशी ही पुष्कळशी बर्फाच्या आणि शीतपेट्यांच्या काळाची देणगी आहे. किंबहुना मासा पाण्यातून काढल्याबरोबर सर्वात रुचकर असतो हा समजही तपासून घ्यावा असाच आहे. मेल्यावर काही काळ त्याचे मांस ताठर असते, आणि रुची आणणारे द्रव्य मागाहून वाढत जाते. जाणते आचारी ट्यूनासारखा मोठा मासा काही दिवस थंडीत विसावू देतात. धक्क्याजवळ घर असण्याचा लाभ, तेव्हा, वाटतो तेवढा मोठा नाही.

नवख्या रहिवाशाने दुकान कसे निवडावे? आज कोणता मासा उतरला, हे विचारावे. उत्तर बेटाच्या माशाचे आले तर बसावे. सगळ्या ऋतूंत सगळेच मिळते असे सांगणाऱ्या दुकानात गोठवलेला माल आहे असे समजावे. तो वाईटच असतो असे नव्हे, पण त्यासाठी बेटावर येण्याची जरूर नव्हती. वादळाच्या दिवशी जो दुकानदार ‘आज नाही’ म्हणतो त्याच्याकडे वारा पडल्यावर पुन्हा अवश्य जावे.

हाचिजोची माणसे जेथे गेली तेथे ही सुशी घेऊन गेली. १९०० साली तामाओकी हानएमोन याच्या पुढाकाराने काही हाचिजोकर ओकिनावाच्या पूर्वेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरच्या निर्जन मिनामी दाइतो बेटावर उतरले आणि त्यांनी उसाची लागवड केली. तेथे ती सुशी दाइतोझुशी या नावाने आजही खातात. या बेटाला उभे कडे आहेत, त्यामुळे बोट नीट किनाऱ्याला लागू शकत नाही. माल आणि उतारूही क्रेनने उचलून वर घेतात. भाताचा तांदूळ असाच हवेतून येतो. मासा तेवढा जवळचा असतो, ट्यूना किंवा सुरमईच्या कुळातला सावारा.