अड्यारची हवा आणि बंद खोली

चेन्नईच्या दक्षिण अंगाला जेथे अड्यार नदी समुद्राला मिळते, तेथील वस्तीलाही अड्यार हेच नाव आहे. महाराष्ट्रातील जुन्या पिढीतील सुशिक्षितांना हे नाव थिऑसॉफिकल सोसायटीमुळे परिचित असते. सोसायटीने १८८२ साली आपले मुख्य ठाणे येथे आणले, आणि तिच्या उद्यानातील वटवृक्षाची कीर्ती दूरवर पसरली. आज त्या उद्यानाच्या आसपास बहुमजली घरांची दाटी झाली आहे. जवळच तंत्रज्ञान संस्था आहे, चर्म संशोधन संस्था आहे, कर्करोगाचे प्रसिद्ध रुग्णालय आहे. त्यांच्या निमित्ताने येणाऱ्यांत मराठी माणसेही असतात. आणि जो येतो त्याला पहिल्या आठवड्यातच कळून चुकते, की येथे खरा त्रास उन्हाचा नसून हवेतल्या पाण्याचा आहे.

समजा, एखादे कुटुंब नागपूरहून अड्यारला बदलून आले. नागपूरचा वैशाख त्यांनी वाळ्याच्या ताट्यांवर आणि पुढे कूलरवर काढलेला. सामानाबरोबर तो कूलरही येतो. खिडकीत बसवून पाणी भरले, पंखा सुरू केला, की तासाभरात खोली गार होण्याऐवजी अधिकच घुसमटते. पापड मऊ पडतात, चादरी ओलसर लागतात. यात कूलरचा दोष नाही. नागपूरची उन्हाळी हवा कोरडी असते. ती पाणी अधाशासारखी पिते, आणि पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जात असल्यामुळे हवा थंड होते. अड्यारची हवा आधीच तृप्त आहे. तिला आणखी पाणी पाजून काय साधणार? माणसाच्या अंगावरच्या घामाचेही तेच होते. घाम येतो, पण तो वाळत नाही; आणि न वाळणारा घाम शरीराला थंडावा देत नाही.

म्हणून येथे यंत्राने करावयाचे काम दुहेरी आहे. हवा थंड करणे हे एक, आणि तिच्यातले पाणी काढून टाकणे हे दुसरे. घरोघरी पहिल्याच कामाकडे लक्ष असते, भिंतीवरच्या आकड्याकडे. दुसऱ्याचा विसर पडतो, आणि वातानुकूलनाविषयीच्या बहुतेक तक्रारी या विसरातून उगवतात.

इतिहास पाहिला तर हे दुसरे कामच या यंत्राचे मूळ काम होय. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे, आणि एकावर एक छापलेले रंग जागेवरून सरकत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने त्यावर उपाय म्हणून जी योजना आखली, तीतून आजचे वातानुकूलन जन्मास आले. माणसांच्या सुखाचा विचार नंतरचा. आधी विचार झाला तो कागदाचा.

या यंत्राचे कार्य समजण्यास अवघड नाही. खोलीतल्या पेटीत तांब्याच्या नळ्यांचे वेटोळे असते, त्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात. या कॉइलचे तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास राहते. पंखा खोलीतली हवा तिच्यावरून खेळवतो. थंडगार तांब्यावर बाहेरून जसे पाण्याचे थेंब जमतात, तसे ते या पात्यांवर जमतात आणि नळीवाटे बाहेर जातात. अड्यारच्या उन्हाळ्यात दीड टनाचे यंत्र भरात चालत असेल, तर तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज निघते. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारी जलाशये कोरडी पडली, तेव्हा हे पाणी बादलीत धरून लोकांनी फरशी पुसण्यास आणि झाडांना घालण्यास वापरले. पिण्यास मात्र ते योग्य नव्हे. कॉइलवरची धूळ आणि जंतू त्यात उतरलेले असतात.

हा ‘टन’ कसला, असा प्रश्न अनेकांना पडतो. यंत्राच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही. दोन हजार पौंडांचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढून टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. हे माप बर्फाच्या व्यापारातून आले, आणि त्या व्यापाराची एक खूण चेन्नईतच उभी आहे. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून, जहाजांनी हिंदुस्थानात आणला. तो साठवण्यासाठी १८४२ च्या सुमारास मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर बर्फघर बांधले गेले. १८९७ साली पाश्चात्त्य देशांतून परतलेल्या स्वामी विवेकानंदांचा मुक्काम याच इमारतीत होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

टन जितके अधिक तितके चांगले, हा समज मात्र अड्यारमध्ये विशेष महागात पडतो. लहान खोलीत दोन टनांचे जुन्या धर्तीचे यंत्र बसवले, तर ते पाच-सात मिनिटांत हवा थंड करते आणि थांबते. तेवढ्या वेळात कॉइलवर पाणी जमते न जमते, आणि यंत्र थांबताच त्यातले बरेचसे पुन्हा हवेत मिसळते. खोली थंड, पण चिकट. मग घरातले वडीलधारे म्हणतात, “अजून दोन अंश खाली कर.” तापमान वीसवर येते, अंगावर रजई येते, आणि ओलसरपणा जिथल्या तिथे राहतो. इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रात कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो, त्यामुळे हा दोष सौम्य होतो, नाहीसा होत नाही. खोलीच्या मानाने बेताचे यंत्र, सलग चालणारे, हेच किनाऱ्यावरच्या घराला मानवते.

तापमान फार खाली नेण्यात आणखी एक धोका आहे, तो भिंतीत लपलेला असतो. उन्हाळ्यात येथील बाहेरच्या हवेचा दवबिंदू पुष्कळदा २५ अंशांच्या वर असतो. म्हणजे त्याहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर ही हवा पाणी सोडणार. खोली १८ अंशांवर ठेवली की तिची भिंत दुसऱ्या बाजूनेही थंड होते. आणि तिकडच्या, यंत्र नसलेल्या खोलीतल्या कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. घरात कोणाला दमा असेल तर ही बुरशी केवळ रंगाऱ्याचा प्रश्न राहत नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात अड्यार नदी ज्या घरांत शिरली, त्यांतील लोकांना भिंतीत मुरलेला ओलावा म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागणार नाही.

आता देखभालीकडे वळावे. पेटीचे झाकण उचलले की जी जाळी दिसते ती दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुऊन, सावलीत वाळवून परत बसवावी. हे काम घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही जमते, आणि तरीही ते बहुतेक घरांत होत नाही. जाळी तुंबली की कॉइलवरून हवा पुरेशी जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि वीज मात्र जळतच राहते. तुंबलेली गाळणी बदलली तर यंत्राचा वीजवापर पाच ते पंधरा टक्क्यांनी कमी होतो, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. पाण्याची नळीही अशीच दुर्लक्षित. ओल्या कॉइलवरची धूळ तिच्यात उतरते, शेवाळासारखा चिकट थर साचतो, आणि एके रात्री पाणी भिंतीवरून थेट पलंगावर येते. नळीच्या तोंडाशी बादली ठेवली असेल तर ती रोज रिकामी करावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

बाहेरच्या पेटीची शत्रू म्हणजे खारी हवा. समुद्राच्या तुषारांतले मीठ पात्यांवर बसते. तांबे आणि अॅल्युमिनियम हे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागून असले, की अॅल्युमिनियम झिजू लागते आणि काही वर्षांत पात्यांचा पांढरा भुगा होतो. नदीच्या आणि कालव्याच्या काठच्या घरांना याहून सूक्ष्म शत्रू आहे. मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. त्याने चांदीची भांडी काळवंडतात आणि तांब्याच्या नळ्याही पोखरल्या जातात. यावर उपाय साधा आहे. वीज बंद करून, बाहेरची पेटी महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी, आणि नवे यंत्र घेताना पात्यांवर संरक्षक लेप आहे ना, हे विचारून घ्यावे.

येथेच एका गैरसमजाचा समाचार घेणे आवश्यक आहे. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, गॅस कमी झाला आहे म्हणतो, भरतो आणि पैसे घेऊन जातो. घरच्या लोकांना वाटते, मोटारीला पेट्रोल लागते तसा यंत्राला गॅस लागत असावा. वस्तुतः हा वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो खर्च होत नाही. कमी झाला याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आणि तो गेला कोठे? आज पुष्कळ घरगुती यंत्रांत जो आर-३२ नावाचा वायू असतो, त्याचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता तो पृथ्वीभोवती अडवून धरतो. जुन्या यंत्रांतला आर-२२ तर याच्या अडीचपटीहून अधिक. १९८७ चा माँट्रियल करार आणि २०१६ ची त्याची किगाली दुरुस्ती अशाच वायूंना आवर घालण्यासाठी झाली. पण कराराचे पालन शेवटी गच्चीवर पाना घेऊन बसलेल्या कारागिराच्या हाती असते. त्याला “गळती दाखव, मग भर” असे सांगण्याचा अधिकार घरमालकाचा आहे आणि तो त्याने बजावला पाहिजे.

इतके सगळे केले, यंत्र झळझळीत ठेवले, तरी एक उणीव राहतेच, आणि ती सर्वांत गंभीर आहे. घरातले सर्वसामान्य यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ते पुन्हा पुन्हा फिरवते. थंड वाऱ्याचा झोत अंगावर येत असल्यामुळे हवा नवी आहे असा भास होतो, इतकेच. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली असा निकष मांडला, की बंद जागेतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भाग, म्हणजे दहा लाखांत हजार भाग, याहून अधिक नसावे. बाहेरच्या हवेत आज ते दहा लाखांत सुमारे ४२० आहे. दारे-खिडक्या गच्च लावलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसे झोपली, तर तासा-दीड तासातच पेटेनकोफरची मर्यादा ओलांडली जाते, आणि पहाटेपर्यंत प्रमाण दोन-अडीच हजारांवर जाण्यास अडचण नसते. सकाळी जड झालेले डोके पुष्कळदा थंडीला किंवा जागरणाला बोल लावते. कारण कदाचित इतकेच असते, की रात्रभर तीच हवा पुन्हा पुन्हा आत घेतली गेली.

त्याच खोलीत डासांसाठी वेटोळ्याची उदबत्ती, बाजारात जिला कॉइल म्हणतात ती, लावली तर परिणाम अधिकच वाईट. एका कॉइलमधून जेवढे सूक्ष्म कण निघतात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतील, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. यंत्राची जाळी केस आणि कापसाचे तंतू अडवते. हे कण तिच्यातून आरपार जातात. खिडकीला बारीक जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी, हा आजीच्या काळचा उपाय येथे विज्ञानालाही मान्य आहे. उलट एक भीती निष्कारण बाळगली जाते. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्युमोनियाची साथ आली आणि तिचा संबंध इमारतीच्या शीतन व्यवस्थेशी जोडला गेला. तो जंतू मोठ्या इमारतींच्या पाण्याच्या शीतन-मनोऱ्यांत वाढतो. घरच्या भिंतीवरच्या यंत्राला असा मनोरा नसतो.

मग अड्यारमध्ये ताजी हवा घ्यावी कशी? यंत्र चालू असताना खिडकी उघडली तर बाहेरचे पाणी आत येते आणि यंत्राला ते पुन्हा काढावे लागते. तेव्हा वेळ साधली पाहिजे. रात्री यंत्र लावण्यापूर्वी अर्धा तास समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा जोरात फिरवावा. झोपताना घराच्या आतल्या बाजूचे दार बोटभर उघडे ठेवावे. सकाळी यंत्र बंद होताच पुन्हा सर्व उघडावे. याला अपवाद भोगीच्या पहाटेचा. महाराष्ट्रात भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. तमिळ देशात त्या पहाटे दारोदारी जुन्या वस्तूंची होळी पेटते, आणि चेन्नईवर धुराची दाट चादर पसरते. त्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत खिडक्या लावलेल्याच बऱ्या.

विजेच्या बिलाचे गणित तुलनेने सोपे आहे. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकली जाणारी घरगुती यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावीत असा नियम झाला. प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे म्हणणे आहे. छताचा पंखा मंद ठेवला तर २६ अंशसुद्धा सुखाचे वाटतात, आणि भिंतीही ओल्या होत नाहीत. यंत्रावरच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वर्ष छापलेले असते, ते पाहूनच तारे मोजावेत. कसोटी वेळोवेळी कडक होते, आणि गेल्या खेपेचे पाच तारे या खेपेस चार ठरू शकतात.

चेन्नईत उन्हाळ्याच्या दुपारी बहुधा बारा ते दोनच्या दरम्यान वारा फिरतो. जमिनीवरून येणारा पश्चिमेचा झोत मागे हटतो आणि समुद्रावरून वारा आत शिरतो. तमिळ लोक त्याला कडल काट्रु म्हणतात. ज्या दिवशी पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि समुद्राचा वारा अडून राहतो, त्या दिवशी पारा चढतो. ३१ मे २००३ रोजी तो ४५ अंशांवर गेला होता. किनाऱ्यालगत असल्यामुळे अड्यारला हा वारा शहराच्या पश्चिम भागांपेक्षा आधी लाभतो. जुन्या मद्रासी घरांची उंच छते, मधला चौक, दाराबाहेरची तिन्नै म्हणजे आपली ओसरी, ही सारी वाऱ्याला घरातून वाट मिळावी अशा बेताने बांधलेली असत. आताच्या सदनिकेतही पूर्वेची एक खिडकी बहुधा असते. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास तिचा पडदा आत फुगू लागला, म्हणजे यंत्राची कळ बंद करावी, पश्चिमेकडचे दार उघडावे, आणि सकाळी धुऊन वाळत घातलेली जाळी तेवढ्या वेळात परत बसवून ठेवावी.