डिफॉल्टचा धनी कोण?



शाहीर अनंत फंदींच्या संगमनेरात, रात्री-अपरात्री सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या या मेळाव्यात अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. कॉन्फिगरेशन व्यवस्थापनाचा आढावा घेईन, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. घेतो. २००५ साली ल्यूक केनीझ यांनी पपेट आणलं, २००९ मध्ये शेफ आलं, २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचं अ‍ॅन्सिबल. झाला आढावा. आता बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोलतो.

२०१८ साली अ‍ॅन्सिबलच्या २.७ आवृत्तीत मॉड्यूल डिफॉल्ट्सची सोय झाली. प्लेच्या माथ्यावर एकदा लिहा, खालच्या टास्कना लागू. क्लाउडचा रीजन, एपीआयचं लॉगिन दर टास्कला लिहिण्याचा ताप गेला. तिथवर मी या सोयीच्या बाजूचा. पण आपण फाइलचा मालक आणि परमिशनही तिथंच नेऊन बसवल्या! प्लेवरचं डिफॉल्ट त्या प्लेमधल्या रोलनाही लागतं, बाहेरून उतरवून घेतलेल्या रोलनासुद्धा. रोल लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पपेटमध्ये हे दुखणं जुनंच. तिसऱ्या आवृत्तीत व्हेरिएबलची डायनॅमिक व्याप्ती काढली, रिसोर्स डिफॉल्टची तशीच राहिली. ओझरच्या बंधाऱ्यावर दार उचलायचं आणि शेवटच्या चारीवर कुणाचं रान तुंबलं ते बघायचं नाही, असला हा कारभार.

सकाळच्या परिसंवादात एक पक्ष म्हणाला, पुनरुक्ती हा दोष आहे. ऐका मग. एका दूध संस्थेत ऑडिटरनं परमिशन कडक करा असा शेरा मारला. तिथल्या तरुण अ‍ॅडमिननं प्लेच्या माथ्यावर कॉपी मॉड्यूलला ०६०० मोड, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी परमिशन, लावला आणि शेरा निकालात काढला. अ‍ॅप्लिकेशनची कॉन्फिग टाकणाऱ्या रोलमध्ये मोड लिहिलेलाच नव्हता. फाइल रूटच्या नावावर, सेवा दुसऱ्याच युजरखाली. रीस्टार्टनंतर सेवा उठलीच नाही, आणि नेमका दूध बिलं सोडायचा दिवस! सगळे रोल चाळत बसले. रोलमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं, मग दोष सापडणार कुठून? मला फोन आला तेव्हा मी रोल उघडलाच नाही, प्लेबुकचा माथा वाचला. टास्कमध्ये लिहिलेलं मूल्य डिफॉल्टवर मात करतं. तिथं मोडची एक ओळ असती, तर शेतकऱ्यांची बिलं अडली नसती.

दुसरा पक्ष म्हणाला, काही लिहूच नका, टूल शहाणं असतं. २०२० आठवा. सुरक्षेपायी अ‍ॅन्सिबल २.९.१२ नं मोड न दिलेल्या नव्या फायली ०६०० केल्या, लोकांच्या यंत्रणा मोडल्या, २.९.१३ मध्ये बदल मागे घेतला. ज्यांनी मोड लिहिला होता, त्यांना हे येणंही कळलं नाही आणि जाणंही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: कुठं जोडायचं, कोणत्या लॉगिननं, हे माथ्यावर चालेल. काय घडणार हे ठरवणारं मूल्य टास्कमध्येच हवं. दहादा लिहावं लागलं तर दहादा लिहा.

या धर्तीची मराठी नियमावली आपण करू. समिती नेमू, महाविद्यालयांशीही बोलू; तपशील पुढच्या बैठकीत. ज्यांना पटलं नसेल, त्यांनी लॅपटॉप घेऊन यावं आणि आपल्या प्लेबुकचा माथा मला दाखवावा. भांडायला मी जेवणानंतरही इथंच आहे.