चोरांची चिमुकली मोटार

'दि इटालियन जॉब' हा विनोदी ब्रिटिश चित्रपट १९६९ सालीं निघाला. त्यांत चोरांची एक टोळी इटलींतील तुरिन शहरीं चाळीस लक्ष डॉलरांचें सोनें लुटते आणि तांबडी, पांढरी व निळी अशा तीन चिमुकल्या मोटारींतून पळ काढते. मायकेल केन, नोएल कॉवर्ड यांच्यासारखे नट असतांही प्रेक्षकांच्या ध्यानांत राहिल्या त्या मोटारीच. त्या कोणत्या, असा प्रश्न निघाला म्हणजे 'मिनी' हें उत्तर तत्काळ येतें. उत्तर चुकीचें नाहीं. अपुरें मात्र खास आहे.

अपुरें अशासाठीं कीं, २००३ सालीं याच नांवाचा दुसरा चित्रपट अमेरिकेंत निघाला. त्यांतही चोर मिनींतूनच पळतात, रंगही तेच. परंतु ती मिनी बीएमडब्ल्यू कंपनीनें २००१ पासून विकावयास काढलेली नवी गाडी होय. ही नवी गाडी खरीखुरी हॅचबॅक. तिचें मागील दार कांचेसह वर उचललें जातें. जुन्या मिनीला असें दारच नाहीं. तिच्या डिकीचें झांकण खालच्या अंगास बिजागरीवर बसविलेलें असून तें उघडतांना खालीं पडतें. त्या उघड्या झांकणावर सामान लादलें तरी क्रमांक दिसत राहावा, म्हणून आरंभींच्या गाड्यांत क्रमांकाची पाटीही लोंबती ठेविली होती! शिवाय दारांच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात, खिडक्यांच्या कांचा खालीं न उतरतां बाजूस सरकतात आणि चाकें अवघीं दहा इंचांचीं. इतक्या खुणा पुरेत.

मिनींतही पोटभेद आहेत. चित्रपटांतील गाडी साधी मिनी नव्हे, ती 'मिनी कूपर एस' होय. शर्यतींच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या साह्यानें मूळ इंजिन जोरकस करून १९६१ त 'कूपर' व १९६३ त 'कूपर एस' बाजारांत आली. १९६४, १९६५ व १९६७ या सालीं माँटे कार्लोची अवघड शर्यत याच जातीनें जिंकली. ऑस्टिन व मॉरिस अशा दोन नांवांनीं एकच गाडी विकण्याची त्या कारखान्याची तऱ्हा होती. त्या घोळांत शिरण्याचें काम हौशी मंडळींवर सोपवावें.

अधिक मनोरंजक आहे तें हिचें मूळ. १९५६ च्या सुएझ प्रकरणामुळें ब्रिटनमध्यें पेट्रोलची टंचाई झाली व थोड्या तेलावर चालणारी गाडी हवीशी झाली. अलेक इसिगोनिस यांनीं इंजिन आडवें बसविलें, गिअरची पेटी त्याच्याच खालीं तेलाच्या पात्रांत घातली, आणि इंजिनाची शक्ति पुढच्या चाकांस दिली. त्यामुळें दहा फूट लांबींत चार माणसें बसूं लागलीं. ऑगस्ट १९५९ मध्यें ही गाडी लोकांपुढें आली. काटकसरी कुटुंबासाठीं योजिलेलें हें वाहन चोरांच्या कामीं यावें हा विनोद खरा, पण तो निराधार नाहीं. पळण्याची वाट पाहावी: दुकानांपुढील कमानी, चर्चच्या पायऱ्या, पो नदीचा बंधारा, सांडपाण्याचें भुयार. पाठलाग करणाऱ्या पोलिसांच्या अल्फा रोमिओला जेथें रीघ नाहीं, तेथेंच ही शिरते. ही गाडी बदलली असती तर कथाच बदलावी लागली असती. (भुयाराचें चित्रण मात्र इंग्लंडांत, कव्हेंट्री येथें झालें.)

तुरिन हें फियाटचें माहेर. मुंबईंत कैक दशकें टॅक्सी म्हणून धावलेल्या फियाटचें घराणें तेंच. त्या कंपनीच्या लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवर मोटारी पळवून पाहण्याची वाट होती, आणि चोरांच्या मिनी तीवरही धांवतात. फियाटच्या अंगणांत ब्रिटिश निशाणाचे तीन रंग मिरविण्याची ही खोडी इटालियन गाडीनें साधली नसती.

एक हिशेब मात्र चित्रपटानें सोयीस्कर विसरला आहे. तेव्हांच्या पस्तीस डॉलर औंस या अधिकृत दरानें चाळीस लक्षांचें सोनें साडेतीन हजार किलोंहून अधिक भरतें. तें तिघींत वांटलें तर प्रत्येकीच्या वांट्यास सुमारे बाराशें किलो येतात, आणि गाडीचें स्वतःचें वजन साडेसहाशें किलोंच्या आसपास! इतकें ओझें घेऊन पायऱ्या उतरणें तर दूरच, ती जागची हालती तरी कीं नाहीं कोण जाणे. पडद्यावर मात्र त्या तिघी हरणासारख्या उड्या मारतात, धांवत्या बसमध्यें मागून चढतात, आणि सोनें उतरून घेतल्यावर आल्प्सच्या घाटांत एकामागून एक दरींत लोटल्या जातात.